लॉगिन माझं, खातं भलत्याचंच: सेशनची सरमिसळ कशी शोधावी

‘मी माझ्याच पासवर्डनं आत गेलो, पण वर नाव दुसऱ्याचंच दिसतंय.’ अशी तक्रार आली की हात आधी सर्व्हर रीस्टार्ट करायला जातो. तो आवरा. रीस्टार्टनं लक्षण जातं, सोबत पुरावाही जातो.

आधी लॉग बाजूला काढा, तक्रारदाराकडून नेमकी वेळ आणि यूआरएल घ्या. मग शेअर्ड कॅशे, म्हणजे सगळ्यांना तीच प्रत देणारी पानांची साठवण, साफ करा, लॉगिनमागची पानं तिच्यातून वगळा आणि सगळी सेशन्स, म्हणजे सर्व्हरनं लक्षात ठेवलेली लॉगिनं, रद्द करा. लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या. मार्च २०२१ मध्ये अशाच गोंधळानंतर गिटहबनंही सगळ्यांना लॉगआउट केलं होतं.

एक खोटा गजर आधी निकालात काढा. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये दोन खाती उघडली, तर कुकी, म्हणजे ब्राउझरनं जपलेली सेशनची खूण, एकच असते. दुसरं लॉगिन पहिल्याला पुसतं. लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर, तर पोर्ट वेगळा असला तरी कुकी सामाईकच. यात कितीतरी जणांची दुपार वाया गेली आहे, माझीसुद्धा.

आता तक्रारदाराला विचारा: दुसऱ्याचं नुसतं दिसलं, की त्याच्या नावावर काही सेव्हही झालं?

नुसतं दिसलं असेल तर संशय कॅशेवर. नेटवर्क टॅबमध्ये त्या पानाचे रिस्पॉन्स हेडर्स पाहा. ‘एक्स-कॅशे’समोर ‘हिट’ असेल किंवा ‘एज’ शून्यापेक्षा जास्त असेल, तर पान साठवणीतलं आहे. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात हेच झालं: कॅशेची सेटिंग चुकली आणि सुमारे ३४ हजार ग्राहकांची खासगी पानं इतरांना दिसू शकली. अशा पानांवर ‘कॅशे-कंट्रोल: प्रायव्हेट, नो-स्टोअर’ लावा. ‘सेट-कुकी’ हेडर असलेला, म्हणजे ब्राउझरला कुकी देणारा, रिस्पॉन्स एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात साठवत नाही, पण वेग वाढवायच्या नादात कुणीतरी तो हेडर दुर्लक्षित करायला सांगितलेलं असतं. मग एकाच्या सेशनची किल्ली येईल त्याच्या हातात पडते, आणि सेव्हही होऊ लागतं.

म्हणून सेव्हही झालं असेल, तर दोष कुकीचा की कोडचा हे कळायला प्रत्येक रिक्वेस्टच्या लॉगमध्ये रिक्वेस्ट आयडी, युजर आयडी, थ्रेडचा (रिक्वेस्ट चालवणाऱ्या धाग्याचा) क्रमांक आणि सेशन आयडीचा हॅश (ज्यावरून मूळ आयडी काढता येत नाही असा ठसा) लिहा. मूळ सेशन आयडी कधीच नको. दोन वेगळ्या माणसांच्या ब्राउझरमधून एकच हॅश आला तर कुकी वाटली गेली आहे. हॅश वेगळे, तरी नाव चुकीचं, तर चूक तुमच्या कोडमध्ये.

तिथला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे ‘करंटयुजर’ नावाचं ग्लोबल, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टना सामाईक, व्हेरिएबल. पहिली रिक्वेस्ट त्यात ‘अ’ लिहिते आणि डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत थांबते. तेवढ्यात दुसरी तिथेच ‘ब’ लिहिते. उत्तर येतं, पहिली व्हेरिएबल वाचते, आणि ‘अ’च्या स्क्रीनवर ‘ब’चं पान. स्टॅटिक फील्ड आणि सिंगलटन (अख्ख्या ॲपसाठी एकच ऑब्जेक्ट) यांतही हेच होतं. जावात थ्रेडलोकल (प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा कप्पा) वापरत असाल तर ‘फायनली’मध्ये ते रिकामं करा, कारण थ्रेड पूलमध्ये परत जातो आणि पुढच्याच्या कामाला लागतो. त्याच कामासाठी नोडमध्ये असिंकलोकलस्टोरेज आहे, पायथनमध्ये कॉन्टेक्स्टव्हार्स. माझं मत विचाराल तर युजर सरळ फंक्शनला पॅरामीटर म्हणून द्या; दिसायला ओबडधोबड, पण लपत काही नाही.

कोड निर्दोष वाटला तर कनेक्शन पूल, म्हणजे आळीपाळीनं वापरायच्या उघड्या कनेक्शन्सचा साठा, तपासा. २० मार्च २०२३ ला चॅटजीपीटीवर काहींना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. रेडिस या डेटा साठवणाऱ्या सर्व्हरच्या पायथन लायब्ररीत, रिक्वेस्ट मध्येच रद्द झाली की तिचं उत्तर कनेक्शनवर पडून राहायचं आणि पुढच्याच्या पदरात जायचं.

शेवटी चाचणी. एकट्यानं क्लिक करत बसून ही चूक दिसत नाही. दोन खाती घ्या, संशयित ओळीनंतर मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा विलंब घाला, दोन्हीकडून एकाच वेळी शेकडो रिक्वेस्ट सोडा, काही अर्ध्यात तोडा, आणि प्रत्येक उत्तरातला युजर आयडी पडताळा. जुन्या कोडवर ही चाचणी एकदा तरी नापास व्हायलाच हवी. होत नसेल तर दुरुस्ती चढवू नका, चूक अजून सापडलेली नाही.