कोरियाला घरी जायचंय आणि समर कोर्सही करायचाय? मग असं प्लॅन करा

बाबांची नोकरी कोरियात सोलजवळच्या सुवनला नाहीतर देजॉन, उल्सानला, अर्धी शाळा तिकडेच झालेली, आणि आता स्वतः कॉलेजसाठी पुण्यात किंवा अमेरिकेत, अशी आपल्यात बरीच पोरं आहेत. माझेही आई-बाबा सुवनलाच असतात, त्यामुळे खाली उदाहरणं बरीचशी सुवनची येतील, समजून घ्या.

मुद्दा एकच सांगायचाय. आधी घरच्यांसोबतचे दिवस ठरवा, मग त्यात बसेल असा कोर्स शोधा. बहुतेक जण उलटं करतात, मोठ्या नावाचा कोर्स बुक करतात आणि "वीकेंडला जाऊ की घरी" म्हणतात, आणि मग वीकेंडला असाइनमेंट, मित्र, सोलच्या हान नदीवर चिकन, आणि आई फोनवर विचारते की या रविवारी तरी येतोयस का.

पहिलं काम, तारखा बघा

कोरियातलं पहिलं सेमिस्टर मार्चमध्ये सुरू होतं आणि जूनमध्ये संपतं, म्हणून तिथल्या युनिव्हर्सिट्यांची समर स्कूल्स साधारण जूनच्या शेवटी चालू होऊन ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चालतात. अमेरिकेत शिकणाऱ्यांना हे मस्त जमतं, मे मध्यावर सुट्टी लागते, म्हणजे कोर्सच्या आधी पूर्ण महिना घरी. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्यांची मात्र इथेच गोची होते, कारण आपली सुट्टी एप्रिल-मेमधली, आणि तिकडे क्लास सुरू व्हायच्या वेळेला इकडे कॉलेज उघडलेलं असतं आणि ७५ टक्के अटेंडन्सची तलवार असतेच. त्यामुळे भारतात शिकत असाल तर शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावरचा उन्हाळा हा त्यातल्या त्यात बरा, मधल्या वर्षांत उगाच प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर बसावं लागेल.

कोर्स कुठला घ्यायचा

दोन प्रकार आहेत. एक समर स्कूल, म्हणजे इंग्लिशमधून शिकवलेले विषय, इकॉनॉमिक्स, इतिहास, सिनेमा वगैरे, एका विषयाला सहसा ३ क्रेडिट. योनसे, कोरिया युनिव्हर्सिटी, हानयांग, इह्वा या सगळ्यांची आहेत (इह्वा एरवी मुलींची, पण समरला मुलांनाही घेतात). दुसरा प्रकार म्हणजे भाषेचा कोर्स. रेग्युलर टर्म मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशा सुरू होतात, १० आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज ४ तास, एकूण २०० तास. फी साधारण १५ ते २० लाख वॉन, आकडा बघून घाबरू नका, हजार वॉन म्हणजे साठेक रुपये धरा. याशिवाय उन्हाळ्यात ३ ते ५ आठवड्यांचे छोटे कोर्सही निघतात. घर तिकडे असेल तर मी डोळे मिटून छोटा कोर्स घ्या म्हणेन. बोलायचा सराव हवा असेल तर सोगांग त्यासाठीच ओळखलं जातं, आणि योनसेची भाषासंस्था १९५९ पासून आहे, तिथे व्याकरण आणि लिहिणं जास्त घोटून घेतात असं बोललं जातं.

क्रेडिट पाहिजे असतील तर पैसे भरायच्या आधी स्वतःच्या कॉलेजकडून लेखी घ्या की ते धरले जातील. "बघू, होऊन जाईल" हे उत्तर म्हणजे नाही असं समजा.

आणि सोलच कशाला? सुवनमध्ये आजू युनिव्हर्सिटी आहे, देजॉनला छुंगनाम नॅशनल, बुसानला पुसान नॅशनल, उल्सानला उल्सान युनिव्हर्सिटी, सगळीकडे कोरियन शिकवतात. घरून डबा घेऊन जाता येतं. नाव कमी चमकदार असेल, पण रात्रीचं जेवण घरचं.

सोलच पाहिजे तर रस्त्याचं गणित आधी करा

सुवनहून सिनछोनला जायचं, जिथे योनसे, इह्वा, सोगांग तिन्ही जवळजवळ आहेत, तर दारापासून दारापर्यंत दीड तास सहज जातो. सुवन स्टेशनवरून सोलमधल्या सादांग मेट्रो स्टेशनला ७७७० नंबरची लाल बस जाते, सादांगला उतरून मेट्रोच्या दोन नंबरच्या लाईनने थेट सिनछोन. पण या लाल बसमध्ये उभं राहून जाऊ देत नाहीत. स्टॉपवरच्या बोर्डावर किती सीट उरल्यात तो आकडा दिसतो, आणि सकाळी तुम्ही मधल्या स्टॉपवर उभे असाल तर तो शून्य दिसतो आणि ड्रायव्हर मान हलवून पुढे निघून जातो. म्हणून मधल्या स्टॉपपेक्षा सरळ सुवन स्टेशनवरूनच चढा. सोल नॅशनल युनिव्हर्सिटी त्या मानाने सोपी, तिचं मेट्रो स्टेशन सादांगपासून दोनच स्टेशनांवर आहे, फक्त तिथून कॅम्पसला पुन्हा बस. रोज जाऊन-येऊन तीन तास झेपणार नसतील तर सोमवार ते शुक्रवार डॉर्म आणि शुक्रवारी दुपारी क्लास सुटला की बॅग घेऊन थेट घरी, हे आधीच ठरवून टाका, मित्रांनाही सांगून टाका.

पास काढताना एक लक्षात ठेवा. सोलचं क्लायमेट कार्ड, २०२४ मध्ये सुरू झालेलं, ३० दिवसांचं ६२ हजार वॉनचं, स्वस्त वाटतं पण ते सोल आणि आसपासच्या काही शहरांपुरतं, ७७७० वर चालत नाही आणि सुवनकडून सोलला जाणाऱ्या शिनबुंदांग मेट्रो लाईनवरही नाही. सुवनवाल्यांनी आपलं टी-मनी (बस-मेट्रोचं रिचार्जवालं कार्ड) घ्यावं आणि उतरतानाही कार्ड टॅप करावं, म्हणजे अर्ध्या तासात पुढची बस किंवा मेट्रो पकडली तर वेगळं भाडं पडत नाही, फक्त अंतरानुसार थोडं वाढतं.

व्हिसा

लहानपणी आई-बाबांच्या जोरावर मिळालेला एफ-३ (कुटुंबासोबत राहायचा व्हिसा) सज्ञान मुलांना मिळत नाही, त्यामुळे "माझं तर घरच तिथे आहे" हे काउंटरवर चालत नाही. ९० दिवसांच्या आतलं येणं आणि छोटा कोर्स असेल तर सी-३, त्यापेक्षा जास्त राहून भाषा शिकायची असेल तर डी-४. डी-४ ला युनिव्हर्सिटीचं ॲडमिशनचं पत्र, बँकेचे कागद आणि भारतातून जाणाऱ्यांना टीबीची तपासणी लागते, तीही ठरलेल्या हॉस्पिटलमधूनच. सी-३ ला आई किंवा बाबांचं निमंत्रण पत्र, त्यांच्या रेसिडन्स कार्डाची कॉपी, आणि नात्याचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. दाखला मराठीत असेल तर आत्ताच इंग्लिशमध्ये काढून घ्या, आणि अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) मागितलं तर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, यात आठवडे जातात. फॉर्ममध्ये कोर्स आणि घर दोन्ही लिहा, एक लपवून दुसरं सांगू नका. सी-३ वर पार्टटाईम काम अजिबात चालत नाही, ओळखीच्या कॅफेत सुद्धा.

कोरियात पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरता येतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली की बंद करा.

बॅग

आई यादी पाठवणारच. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, पॅकबंद आणि लेबल असलेलं घ्या. हापूस नाही! ताजी फळं नेता येत नाहीत, मांसाचे पदार्थही नाहीत, कढीपत्त्याची जुडीसुद्धा विसरा, सापडलं तर फेकतात आणि वर दंड. औषधात कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप घेऊ नका, तिकडे ते नियंत्रित औषध आहे. प्लग दोन गोल पिनांचे, आपला साधा मोबाईल चार्जर बसतो, लॅपटॉपचा तीन पिनवाला बसत नाही.

छत्री मात्र दणकट घ्या. जून शेवट ते जुलै शेवट तिकडचा पावसाळा, छांगमा. आपल्याला पावसाचं काय कौतुक, पण तो संपला की ऑगस्टमध्ये जो घामट उकाडा येतो तो आपल्या मे महिन्याच्या मुंबईचा सख्खा भाऊ.

पोचल्यावर

घरच्यांचा नंबर असलेला काकाओटॉक (तिकडचं व्हॉट्सॲप) आणि नेव्हर मॅप आधीच टाकून ठेवा. तुमच्याकडे रेसिडन्स कार्ड नसल्यामुळे तिकडच्या बऱ्याच ॲपमध्ये ओळख पटवणं अडतं, जेवण मागवणं, ऑनलाईन शॉपिंग, सगळं बाबांच्या फोनवरून करावं लागेल, मोठे झालो वगैरे विसरा. ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच, कारण सरकारी आरोग्य विमा थोड्या दिवसांसाठी आलेल्याला मिळत नाही.

भाषेच्या कोर्सआधी होणारी लेव्हल टेस्ट हा तिकडे वाढलेल्या पोरांसाठी खरा घोळ. बोलणं फाडफाड येतं, कान तयार असतात, पण लिहायला बसलं की स्पेलिंगची बोंब. तोंडी परीक्षेत सर खूश होऊन वरच्या लेव्हलला टाकतात आणि मग आठवड्याला निबंध लिहिताना फे फे उडते. टेस्टच्या आधी महिनाभर रोज पानभर लिहा. आणि शाळेतल्या मित्रांशी बोलायचो तसं सरांशी किंवा शेजारच्या आजींशी एकेरीत बोलू नका, लहानपणी गोड वाटायचं ते आता उद्धट वाटतं.

घरच्यांसाठी कोर्सच्या आधी किंवा नंतर निदान एक सलग आठवडा मोकळा ठेवा. जुलै शेवट ते ऑगस्टचा पहिला आठवडा सगळा कोरिया सुट्टीवर निघतो, तेव्हा बुसानला जायचं असेल तर केटीएक्सची (तिकडच्या वेगवान ट्रेनची) तिकिटं आधी काढा. १५ ऑगस्टला त्यांचीही सुट्टी असते, त्यांचा मुक्तिदिन, १९४५ चा, त्यामुळे बाबाही घरी असतात.

निघायच्या आठवड्यात युनिव्हर्सिटीच्या ऑफिसमधून सर्टिफिकेट आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्ट हातात घ्या, दोन कॉपी. मार्क अजून जाहीर व्हायचे असतील तर ट्रान्सक्रिप्ट नंतर आई-बाबांपैकी कोणाला आणता येईल का ते विचारा, त्यासाठी लागणारा सहीचा फॉर्म भरून घरी ठेवूनच विमानात बसा.