विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नसेल तर

ऐरोलीतल्या आमच्या कार्यालयात विंडोज लॅपटॉपवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (ओळीने चालवायच्या आज्ञांची फाइल) लिनक्स सर्व्हरवर नेली, की फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल वा डिरेक्टरी नाही’ असा संदेश येई. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी लाइन फीडच्या (नवी ओळ सुरू करणाऱ्या चिन्हाच्या) आधी कॅरेज रिटर्न हे अदृश्य चिन्हही ठेवते आणि लिनक्स ते पहिल्या ओळीतील बॅशच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाचाच भाग समजते.

१. ‘फाइल’ ही आज्ञा स्क्रिप्टच्या नावासह चालवावी. उत्तरात ‘सीआरएलएफ’ (कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड) दिसले, तर दोष हाच आहे.
२. ‘टीआर’ आज्ञेने कॅरेज रिटर्न हे चिन्ह गाळून मजकूर नव्या फाइलमध्ये घ्यावा. याच कामाची दुसरी आज्ञा ‘सेड’ मॅकवर आणि लिनक्सवर वेगळे वागते, म्हणून मी ‘टीआर’च वापरतो.
३. नव्या फाइलला ‘सीएचमॉड’ने चालवण्याची परवानगी द्यावी.

गिट (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) वापरत असाल, तर ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी ओळीचा शेवट ‘एलएफ’ (फक्त लाइन फीड) असा एकदाच नोंदवून ठेवावा, म्हणजे सहकारी कोणत्याही यंत्रावर काम करत असले तरी हा दोष पुन्हा शिरत नाही.

‘टीआर’चे उत्तर मूळ फाइलमध्येच वळवू नये, ती वाचली जाण्याआधीच रिकामी होते.