लिनक्स डेस्कटॉपवर व्हर्च्युअल मशीन : बसवण्याआधीची तयारी

व्हर्च्युअल मशीन म्हणजे आपल्या संगणकाच्या (होस्टच्या) आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक (गेस्ट). तो चालत नाही तेव्हा बहुतेक वेळा घोळ आधीच झालेला असतो. बायोसमधला (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधला) एखादा पर्याय बंद असतो, रूट पार्टिशन (लिनक्स ज्यावर बसलंय तो डिस्कचा भाग) भरलेलं असतं, नाहीतर आयएसओ फाइल (बसवायच्या सिस्टिमची डिस्क-प्रत) अर्धवट उतरलेली असते. म्हणून पुढची कामं याच क्रमाने उरकावीत आणि एक झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

सर्वांत आधी काय वापरायचं ते ठरवा. केव्हीएम ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. त्यासोबत क्यूएमू (गेस्टचं हार्डवेअर भासवणारं), लिबव्हर्ट (गेस्ट सांभाळणारं) आणि खिडक्या-बटणांतून काम करण्यासाठी व्हर्ट-मॅनेजर घेतलं की झालं. याच कामाचं व्हर्च्युअलबॉक्सही चांगलं आहे, पण ते स्वतःची कर्नल मॉड्यूल्स (कर्नलला जोडायचे भाग) बांधतं. त्यामुळे कर्नल हेडर्स लागतात आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही करत बसावं लागतं. लिनक्सवरच शिकायचं असेल तर आमची पसंती केव्हीएमला. दोन्ही एकदम बसवू नका. कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल लोड होताच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय स्वतःकडे घेतं आणि मग व्हर्च्युअलबॉक्स सुरूच होत नाही.

आता प्रोसेसर. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू चालवून व्हर्च्युअलायझेशनची ओळ बघा. इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एएमडी-व्ही दिसतं. उबुंटू किंवा मिंट असेल तर सीपीयू-चेकर हे पॅकेज टाकून केव्हीएम-ओके चालवा, खरं उत्तर तिथे मिळतं. नकार आला तर बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू करा (डेलला एफ२, एचपीला एफ१०, असेंबल मशीनला बहुधा डिलीट). एएमडीच्या बोर्डवर हा पर्याय एसव्हीएम मोड नावाने असतो, तर एचपीच्या जुन्या ऑफिस-डेस्कटॉपमध्ये सिक्युरिटी विभागात दडलेला असतो. बदल सेव्ह केल्यावर नुसतं रीस्टार्ट करू नका. मशीन पूर्ण बंद करून मग चालू करा, कारण काही जुन्या बोर्डांवर त्याशिवाय बदल लागू होत नाही. ही पायरी चुकली तरी गेस्ट चालतो, पण सगळं काम सॉफ्टवेअरमधूनच होत असल्याने इतका रखडतो की दोष लिनक्सच्या माथी बसतो.

रॅम ८ जीबी असेल तर गेस्टला ३ जीबी द्या, बाकीची होस्टला राहू द्या. ४ जीबीवर डेस्कटॉपवाला गेस्ट नकोच, टर्मिनलपुरता सर्व्हर चालेल. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये रॅम घ्यायला जाण्याआधी डीएमआयडीकोड कमांडने आपली पट्टी डीडीआर३ आहे की डीडीआर४ आणि किती स्लॉट रिकामे आहेत ते लिहून न्या. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

डिस्कच्या जागेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. लिबव्हर्ट गेस्टच्या डिस्क-फाइली रूट पार्टिशनवर, व्हार फोल्डरच्या आत ठेवतं आणि अनेकांनी रूटला ३०–४० जीबीच दिलेले असतात. क्यूकाऊ२ प्रकारची डिस्क-फाइल सुरुवातीला लहान असते, वापराबरोबर फुगत जाते आणि गेस्टमधल्या फाइली पुसल्या तरी आपोआप आकसत नाही. जागा संपली की गेस्ट अचानक ‘पॉज्ड’ दिसतो. रिझ्यूम दाबलं की क्षणभर चालतो, पुन्हा थांबतो. यावर उपाय आधीच करा. होम पार्टिशन मोठं असेल तर त्यात, पण आपल्या नावाच्या फोल्डरबाहेर, वेगळं फोल्डर करून व्हर्ट-मॅनेजरच्या स्टोरेज विभागात त्याचा नवा पूल (साठवणीची जागा) जोडा. आयएसओही तिथेच ठेवा. आपल्या डाउनलोड्समध्ये ठेवली तर ‘परमिशन डिनाइड’ येऊ शकतं, कारण गेस्ट ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला आपल्या होममध्ये शिरायची मुभा नसते.

आयएसओ उतरवताना डेटाचा हिशेब करा. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ ६ जीबीच्या आसपास आहे. रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइल रिचार्जवर ती एका दिवसात उतरणार नाही. फाइल उतरवणाऱ्या डब्ल्यूगेट कमांडचा सी पर्याय वापरा, म्हणजे तुटलं तिथून पुढे सुरू होतं. कॉलेजातून किंवा मित्राकडून आणायची असेल तर पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. फाइल हाती आल्यावर शा२५६ बेरीज (फाइल तंतोतंत उतरली का ते सांगणारा आकडा) मूळ संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा.

आपल्याकडे लाइटची तयारी सॉफ्टवेअरइतकीच महत्त्वाची. इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली तर होस्ट आणि गेस्ट दोन्हींच्या फाइलसिस्टिमला धोका असतो. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर करा. साध्या मोडमध्ये बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. कॅबिनेटमधली धूळ काढा, मोठी इन्स्टॉलेशनं सकाळी करा.

मग पॅकेजं टाका, स्वतःला लिबव्हर्ट आणि केव्हीएम या दोन्ही ग्रुपांत घाला आणि लॉगआउट होऊन परत या. लॉगआउट राहिलं तर व्हर्ट-मॅनेजर जोडणीच करत नाही. ‘नेटवर्क डीफॉल्ट इज नॉट अॅक्टिव्ह’ असं आलं तर ते नेटवर्क सुरू करून ऑटोस्टार्टवर ठेवा. वायफायवर ब्रिज करायच्या (गेस्टला थेट राउटरशी जोडायच्या) नादी लागू नका. राउटर अनोळखी मॅक पत्त्याची पाकिटं स्वीकारत नाही. आतलं एनएटी नेटवर्क (होस्टच्याच जोडणीतून इंटरनेट देणारं) पुरेसं आहे.

पहिला गेस्ट अल्पाइन या छोट्या लिनक्सचा करा. त्याची व्हर्च्युअल आवृत्ती १०० एमबीच्या आत येते आणि ५१२ एमबी रॅमवर चालते. तो नीट चालला म्हणजे आतापर्यंतची सगळी तयारी तपासून झाली.

टॅलीसाठी विंडोज हवं असेल तर तयारी वाढते. वैध परवाना लागतोच. विंडोज ११ ला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत), टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क हवी. टीपीएमसाठी एसडब्ल्यूटीपीएम आणि यूईएफआयसाठी ओव्हीएमएफ ही पॅकेजं टाका. डिस्क व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीचा वेगवान प्रकार) ठेवली तर इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. व्हर्टआयओ ड्रायव्हर्सची आयएसओ दुसऱ्या सीडी-रॉमवर लावून ‘लोड ड्रायव्हर’ मधून दाखवा. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन लागत असेल तर गेस्ट चालू असताना ‘रिडायरेक्ट यूएसबी डिव्हाइस’ मधून तो आत द्या आणि तेवढा वेळ होस्टवर वापरू नका. टॅलीच्या डेटाचा बॅकअप व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर घ्या. स्नॅपशॉट (गेस्टच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद) मूळ डिस्क-फाइलवरच अवलंबून असतो, ती गेली की तोही जातो.