बदलापुरात भाड्याचे घर घेताना या चुका टाळा

ठाणे-डोंबिवलीचे भाडे झेपेनासे झाले की माणूस मध्य रेल्वेच्या मार्गावर एकेक स्टेशन पुढे सरकत बदलापूरला येतो आणि तेवढ्याच पैशांत मोठे, हवेशीर घर मिळते हे पाहून हरखतो. गडबड येथेच होते, कारण घर बहुधा रविवारी दुपारी पाहिले जाते, आणि त्या वेळी फलाट मोकळा असतो, टाकी भरलेली असते आणि पाऊसही नसतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. ज्यांची नोकरी मुंबईत आहे त्यांनी टोकन देण्याआधी एकदा कामाच्या दिवशी, आपल्या नेहमीच्या गाडीच्या वेळी, फलाटावर उभे राहून पाहावे. गाडी बदलापूरहून सुटणारी आहे की कर्जतहून भरून येणारी, यावर बरेच काही ठरते. सुटणाऱ्या गाडीतही जागा मिळेलच असे नाही, कारण अंबरनाथचे काही प्रवासी खिडकीसाठी उलटे बदलापूरपर्यंत येऊन आधीच बसलेले असतात. ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ या एजंटच्या हिशेबात शेअर रिक्षाची रांग धरलेली नसते, हेही लक्षात ठेवावे.

पावसाळ्याचा विचार न करणे ही त्याहून महाग पडणारी चूक आहे. उल्हास नदी शहराच्या पश्चिम बाजूने वाहते आणि हेंद्रेपाडा, रमेशवाडी या भागांत पुराचे पाणी शिरल्याचा अनुभव अनेकदा आला आहे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती, ती याच नदीच्या पाण्यामुळे. नदीजवळचे तळमजल्याचे घर स्वस्तात मिळत असेल तर नव्या रंगावर विश्वास न ठेवता जिन्याखालची भिंत, मीटरची पेटी आणि दरवाजाच्या चौकटीचा खालचा भाग पाहावा. गुडघ्याच्या उंचीवर सरळ रेषेत पोपडे आलेले असतील तर मालकाला काही विचारण्याची गरज उरत नाही. एरवी शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे. त्याला घर भाड्याने द्यायचे नसते.

पाण्याबाबत ‘चोवीस तास पाणी’ या उत्तरावर समाधान मानू नये, कारण ते बहुधा गच्चीवरच्या टाकीचे वर्णन असते. नळाला पाणी किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याची वर्गणी भाडेकरूकडून घेतात का, हे तीन प्रश्न वॉचमनला वेगवेगळे विचारावेत.

करारनाम्याबाबतचा गैरसमज मात्र सर्वांत चिवट आहे. अकरा महिन्यांचा करार असल्याने नोंदणी लागत नाही, नोटरी पुरेशी आहे, असे आजही सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्चाची सबबही टिकत नाही. महिना ८,००० रुपये भाडे आणि ३०,००० रुपये परत मिळणारे डिपॉझिट असेल, तर भाड्याची एकूण रक्कम अधिक डिपॉझिटवर १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे अकरा महिन्यांसाठी साधारण सव्वादोनशे रुपये; त्यावर नगरपालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी शुल्क. एजंटचे पैसे वेगळे असतात आणि ते आधी ठरवून घ्यावेत.

मीही पहिल्या घरात नोटरीवरच भागवले होते. घर सोडताना मालकाने आधीच्या भाडेकरूची विजेची थकबाकी माझ्या डिपॉझिटमधून कापून घेतली, आणि माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हते. तेव्हापासून चावी हातात घेतानाच मीटरवरील आकड्याचा फोटो काढून तो त्याच क्षणी मालकाला पाठवतो आणि महावितरणचे शेवटचे भरलेले बिल मागून घेतो.