नवी सिस्टीम टाकली अन् लॉगिनच होईना? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि जुन्या मशिनांचं करायचं काय, हा प्रश्न कोल्हापुरातही आला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसात वर्षानुवर्षं बिलं काढणाऱ्या पीसीत ते कुठलं असणार? म्हणून बऱ्याच जणांनी लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीम टाकून घेतल्या. टाकण्यात अवघड काही नाही. रडगाणं सुरू होतं ते रीस्टार्टनंतर: "भावा, पासवर्डच घेईना की!"

मग निम्मी मंडळी पेनड्राइव्ह लावून पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करायला बसतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ज्या कारणानं पहिल्यांदा अडलं, त्याच कारणानं दुसऱ्यांदाही अडतं, आणि गडबडीत भलतंच पार्टिशन (डिस्कचा भाग) निवडलं गेलं तर हिशेबाचा सगळा डेटा जातो तो वेगळाच.

पासवर्ड बरोबर, कीबोर्ड चुकीचा

हौसेनं सिस्टीमची भाषा मराठी निवडली, तर चांगलंच केलं. पण त्याबरोबर कीबोर्डही मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी कळांची मांडणी) राहिला की घोटाळा होतो. समजा पासवर्ड केओपी०९ आहे. कोल्हापूर स्टेशनचा कोड आणि इथल्या गाडीच्या नंबरातला ०९. (असले पासवर्ड आपल्याकडे पायलीचे पन्नास आहेत. ठेवू नका, पण तो विषय वेगळा.) इनस्क्रिप्टमध्ये के, ओ, पी या कळा दाबल्या की क, द, ज उमटतं. पडद्यावर मात्र तुम्हाला नुसते ठिपके दिसतात. ठिपक्यांची संख्याही बरोबर भरते, त्यामुळे संशय येत नाही, आणि माणूस तोच पासवर्ड जोरजोरात कळा बडवून टाकत राहतो.

लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेची दोन-तीन अक्षरं दिसतात, तिथं क्लिक करून इंग्रजी निवडा. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून काय उमटतंय ते बघा. नसेल तर युजरनेमच्या चौकटीत पासवर्ड टाईप करून बघा, तिथं अक्षरं झाकली जात नाहीत. फक्त बघून झाल्यावर पुसून टाका.

इंग्रजी कीबोर्डातही फसगत होते. ब्रिटिश कीबोर्ड निवडला गेला असेल तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲट द रेटच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह येतं. म्हणून माझं मत असं, की इन्स्टॉल करताना पहिला पासवर्ड निव्वळ छोट्या इंग्रजी अक्षरांचा ठेवावा आणि आत शिरल्यावर सावकाश पक्का करावा. कॅप्स लॉक सगळेच बघतात. नम लॉक कुणी बघत नाही, आणि उजवीकडचे आकडे मग उमटतच नाहीत.

काळ्या पडद्यावर लॉगिन मागितलं तर पासवर्ड टाईप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. मशिन हँग झालेलं नाही, तसंच टाईप करून एंटर दाबा.

कुठला पासवर्ड मागतोय, ते आधी वाचा

इन्स्टॉल करताना डिस्क एनक्रिप्ट (पासवर्डाशिवाय वाचता येऊ नये अशी) करायला टिक केली असेल, तर पहिली चौकट डिस्कच्या पासवर्डची येते आणि लॉगिनचा पासवर्ड त्यानंतर लागतो. डिस्कचा विसरलात तर आतला डेटा परत मिळत नाही. तो कागदावर लिहून ठेवा, पण मॉनिटरला चिकटवू नका.

सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल आणि इन्स्टॉल करताना वायफाय किंवा ग्राफिक्सचे बाहेरचे ड्रायव्हर घेतले असतील, तर पहिल्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर मोक मॅनेजमेंट (त्या ड्रायव्हरना मान्यता द्यायची पायरी) येतं. बहुतेक जण घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात. सिस्टीम उघडते, पण ते ड्रायव्हर चालत नाहीत. तिथं 'एनरोल मोक' निवडायचं असतं आणि इन्स्टॉल करताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. तो या एकाच कामापुरता असतो.

रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून शिरायच्या भानगडीत पडू नका. उबुंटू आणि मिंटमध्ये रूटचं खातं मुळातच बंद असतं, सुडो (रूटचा अधिकार तेवढ्यापुरता देणारी कमांड) लावून स्वतःचाच पासवर्ड द्यायचा. डेबियन या दुसऱ्या लिनक्सचं उलटं आहे. तिथं इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड दिलात तर तुमच्या खात्याला सुडोचा अधिकार मिळत नाही, रिकामा सोडलात तर मिळतो.

विंडोज ११ वाल्यांनी एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी: पहिलं लॉगिन स्वतःच्याच ईमेलनं करायचं. सिस्टीम टाकून देणारा माणूस घाईत स्वतःचं खातं लावून मोकळा होतो आणि आपण चार आकडी पिनवर खूश असतो. पण डिस्क एनक्रिप्शन चालू झालं की तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच्या खात्यात जाते. उद्या बायोसमध्ये (मशिन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) काही बदललं आणि पडद्यावर ती की मागितली, तर त्याला शोधत फिरायचं. गिऱ्हाइकाच्या मशिनवर असं करणाऱ्याला खुशाल चार शब्द सुनवावेत.

पासवर्ड घेतो, पण परत तिथंच आणून सोडतो

यात 'पासवर्ड चुकला' असा मेसेज येत नाही. क्षणभर काळा पडदा, की पुन्हा लॉगिन. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, डेस्कटॉप उघडत नाहीये. कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकदम दाबा आणि काळ्या पडद्यावर लॉगिन करून बघा. तिथं शिरता आलं तर दोन शक्यता आधी तपासा: सिस्टीमचं पार्टिशन गच्च भरलंय का, किंवा एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिनसलाय का. जुनं होम पार्टिशन (तुमच्या फायलींचा भाग) तसंच वापरलं असेल तर त्यातल्या फायलींची मालकी जुन्या खात्याकडे राहिलेली असू शकते.

पासवर्ड खरंच विसरला असाल तरी इन्स्टॉल नको. चालू करताना जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा, यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) असेल तर एस्केप दाबा. ग्रबच्या (सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूतून रिकव्हरी मोडमध्ये रूटवर जाऊन पासवर्ड बदलता येतो. ड्राइव्ह आधी लिहिण्याजोगी माउंट केली (जोडली) नाही तर 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' येतो आणि माणूस नसत्या ठिकाणी शोधत बसतो.

शिरल्यावर घड्याळ बघा

टाइमझोनमध्ये कोल्हापूर नाही, मुंबईही नाही. कोलकाताच निवडायचं, सगळ्या भारताला तोच लागतो. विंडोज आणि लिनक्स एकाच मशिनवर असतील तर विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागं दिसेल: लिनक्स मदरबोर्डवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक धरतं. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की हे मिटतं. पण तारीखच काही वर्षं मागं गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते. अशा वेळी ब्राउझर एकही साइट सुरक्षित मानत नाही आणि लोक नेटवाल्याला फोन लावतात. बॅटरी बदला, तारीख लावा, मग नेट बघा.