मागच्या ॲक्सलमध्ये (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यात) कुठलं डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, आहे?
आमच्या वागळे इस्टेटच्या गॅरेजात ही तपासणी हातानेच होते. गाडी सपाट जागी घ्या. पुढच्या चाकांखाली दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून ॲक्सल स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर अजिबात नको. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. आता एक चाक फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधं ओपन, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांपासून मोकळी. त्याच दिशेला फिरलं तर लिमिटेड स्लिप (चाकांच्या वेगातला फरक मर्यादेत ठेवणारं) किंवा लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारं). पण आतल्या क्लच प्लेटा झिजल्या असतील तर लिमिटेड स्लिपही ओपनसारखंच वागतं. थारच्या काही मॉडेलांतलं मेकॅनिकल लॉकिंग तर चांगलंच फसवतं: दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडल्याशिवाय ते लॉकच होत नाही, त्यामुळे हाताला ओपन वाटतं. तिथे मॅन्युअलच बघा. स्विफ्टवाल्यांनी उगाच खाली वाकू नये, ती पुढच्या चाकांवर चालते, मागे डिफरन्शियल नाहीच.