फडावर श्वास मोजायला निघण्याआधी

गळीत हंगाम सुरू झाला की सांगलीच्या वाळवा-पलूस भागात फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेची थंडी, चुलीचा धूर, एका कोपीत पाच-सहा माणसं. एकाला फ्लू झाला की आठवड्यात अख्खी टोळी खोकायला लागते. त्यातल्या कुणाचा न्यूमोनिया किती गंभीर आहे, हे तिथंच ओळखावं लागतं. म्हणून सिस्टर आणि आशाताई, केंद्रातून निघण्याआधी पिशवी एकदा उघडून बघा.

सगळ्यात आधी सेकंदकाट्याचं घड्याळ. ते विसरलं तर परत फिरा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. मोजतोय हे सांगू नका, सांगितलं की माणूस श्वास आवरतो. नाडी बघतोय असं मनगट धरा आणि नजर छातीवर ठेवा. मोठ्या माणसाचा श्वास बसल्या जागी २४ वर गेला की सावध व्हा, ३० झाला की गाडी बोलवा. लेकरांचे आकडे वेगळे: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०, एवढा किंवा याहून जास्त झाला की श्वास जलद समजायचा. मूल रडत असेल तर थांबा, आईच्या मांडीवर शांत होऊ द्या, अंगावरचं पांघरूण बाजूला करा. दूध ओढत नसेल किंवा सुस्त पडलं असेल, तर मोजत बसू नका, पाठवा.

ऑक्सिमीटरचे सेल नवे घाला. दवात ऊस तोडलेले हात गार असतात, आकडा चुकीचा कमी दिसतो. हात चोळून ऊब आणा, नेलपॉलिश असेल तर पुसा, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. बसून ९४ किंवा वर असेल आणि धाप नसेल, तर सहा मिनिटं बांधावर चालवा. तीन टक्क्यांहून जास्त घसरला किंवा ९४ च्या खाली गेला, तर तो माणूस घरी ठेवायचा नाही.

बीपीचं मशीन घ्या: वरचा ९० च्या खाली, किंवा खालचा ६० वा त्याहून कमी, म्हणजे धोका. नाव, गाव, वार विचारा, आणि बोलणं नेहमीसारखं आहे का ते घरच्यांना विचारा. यात श्वास आणि ६५ वर्षांचं वय मिळवलं की सीआरबी-६५, म्हणजे न्यूमोनिया किती गंभीर ते गुणांनी ठरवायचा तक्ता, झाला. त्याला रक्तातल्या युरियाची जोड दिली की सीयूआरबी-६५, तो दवाखान्यातच.

पण या गुणांवर विसंबू नका, हे मी कळकळीनं सांगतो. त्यात ऑक्सिजन धरलेलाच नाही, आणि वयाला गुण आहे. फडावरची माणसं पंचविशी-तिशीतली. माझ्याकडे असाच एक तरुण आला होता, गुण शून्य. मी ‘सौम्य’ लिहून घरी पाठवला. सहाव्या दिवशी रात्री त्याला उचलून आणला, ऑक्सिजन ८४. वाचला, पण ती चिठ्ठी माझ्या हातची होती. २००९ च्या स्वाइन फ्लूतही तरुण आणि गरोदर बायका गंभीर झाल्याच होत्या. गरोदर बाई दिसली की गुण न मोजता डॉक्टरांना फोन करा.

वहीत तपासणीची नव्हे, आजार सुरू झाल्याची तारीख लिहा. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत जास्त लागू पडतं, तर धाप बऱ्याचदा पाचव्या दिवसानंतर वाढते. ताप उतरून पुन्हा चढला, तर वर जिवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो.

१०८ बोलावण्याची वेळ आली तर केंद्रातला सिलिंडर भरलेला हवा. मीटर आजच बघा, चावी आणि मास्क त्यालाच बांधून ठेवा.

आणि एक. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. एक आडवा पडला की दोघांची मजुरी थांबते, म्हणून ‘जरा दम लागतोय’ एवढंच सांगतात. ते ‘जरा’ खरं धरू नका. टोळी दोन दिवसांत दुसऱ्या फडावर जाते, तेव्हा मुकादमाचा आणि घरच्या एकाचा, असे दोन्ही फोन नंबर त्याच पानावर लिहून घ्या.